विंडोजच्या प्रिव्ह्यूमधली लपलेली फीचर्स ट्राय करायचीत? आधी बाहेर पडायचं दार बघून ठेवा

मी काही आयटीवाला नाही. कराडला माझं डीटीपीचं काम आहे, लग्नपत्रिका, पावतीपुस्तकं, मंडळांचे अहवाल वगैरे. पण विंडोजमध्ये नवीन काय येतंय ते सगळ्यांच्या आधी बघायची खाज जुनी आहे, आणि त्या खाजेपायी मी एकदा ऐन लग्नसराईत कामाचा लॅपटॉप बंद पाडून बसलोय. म्हणजे हात दाखवून अवलक्षणच. तेव्हापासून नीट पद्धत बसवली. हल्ली ओळखीतली दोन-तीन पोरं सारखी विचारतात, काका ते इनसायडर कसं करायचं, म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू.

आधी थोडक्यात भानगड समजून घ्या. विंडोज इनसायडर प्रोग्राम २०१४ च्या शेवटी सुरू झाला, विंडोज १० यायच्या आधी. कच्च्या आवृत्त्या लोकांना वापरायला द्यायच्या, ह्या आवृत्त्यांना बिल्ड म्हणतात, आणि लोकांनी चुका कळवायच्या. फुकट आहे, कुणीही सामील होऊ शकतं. आपण मराठीत फोनेटिक टाइप करतो ना, म्हणजे इंग्रजी अक्षरं दाबून मराठी उमटवतो, तो विंडोजमधला मराठी फोनेटिक कीबोर्ड आधी ह्याच कच्च्या बिल्डमध्ये फिरत होता, मग २०१९ च्या मे अपडेटमध्ये दहा भारतीय भाषांसाठी सगळ्यांना मिळाला. त्यामुळे हा नुसता रिकामटेकड्यांचा उद्योग नाही.

आता गंमत अशी की प्रिव्ह्यू बिल्ड टाकली म्हणजे तिच्यातलं सगळं दिसतं असं नाही. बरीच फीचर्स बिल्डमध्ये येऊन पडलेली असतात पण झाकलेली. कंपनी आधी थोड्या लोकांना चालू करून देते, बघते काय होतं, मग हळूहळू बाकीच्यांना. म्हणून तुमच्या मित्राला नवा स्टार्ट मेनू दिसतो आणि तुम्हाला नाही, बिल्ड नंबर दोघांचा अगदी सेम असून. प्रत्येक झाकलेल्या फीचरला एक नंबर असतो, त्याला आयडी म्हणायचं, आणि तो नंबर वापरून फीचर जबरदस्तीने उघडताही येतं. ते पुढे सहाव्या पायरीत.

काय काय जवळ पाहिजे

- दुसरा लॅपटॉप किंवा पीसी, ज्यावर पोट अवलंबून नाही असा. नसेल तर पायरी १ मधला व्हर्च्युअल मशीनचा, म्हणजे आहे त्याच मशीनच्या पोटात चालणाऱ्या खोट्या पीसीचा रस्ता.
- विंडोज ११ च्या अटीत बसणारं मशीन: टीपीएम २.० (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होताना फक्त ओळखीचं सॉफ्टवेअर चालू देणारी सोय), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा. ही कागदावरची अट झाली, मला विचाराल तर ८ जीबी रॅमच्या खाली ह्या नादाला लागू नका.
- मायक्रोसॉफ्ट अकाउंट, स्वतःचं, ज्याचा पासवर्ड तुम्हालाच माहीत आहे असं.
- ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह, रिकामा करता येईल असा.
- बॅकअपला एक्स्टर्नल हार्ड डिस्क.
- बिटलॉकरची, म्हणजे डिस्कला विंडोज लावतं त्या कुलपाची, रिकव्हरी की, कागदावर.
- बऱ्यापैकी नेट. दिवसाला दीड-दोन जीबीच्या मोबाइल पॅकवर हे जमत नाही, एकेक बिल्ड काही जीबीची असते. हॉटस्पॉटवर असाल तर कनेक्शन मीटर्ड (म्हणजे डेटा जपून वापर असं विंडोजला सांगणारं) करून ठेवा, नाहीतर सकाळी दहालाच पॅक संपल्याचा मेसेज.
- एक वही. हसू नका, सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो.

१. कुठल्या मशीनवर करायचं ते ठरवा

ज्या मशीनवर टॅली आहे, डिजिटल सहीचा टोकन लागतो, बँकेची कामं होतात किंवा माझ्यासारखा जुन्या फॉन्ट सॉफ्टवेअरचा डोंगल (सॉफ्टवेअर चालायला यूएसबीत खोचायची किल्ली) लागतो, त्यावर नाही म्हणजे नाही. अशा डोंगलचे ड्रायव्हर जुनाट असतात आणि नव्या बिल्डवर कुणी तपासलेले नसतात. गेम खेळणाऱ्या पोरांनीही ऐका, अँटीचीट, म्हणजे लबाडी पकडणारं सॉफ्टवेअर असलेले ऑनलाइन गेम कच्च्या बिल्डवर अडकायची शक्यता जास्त.

एकच मशीन असेल तर व्हर्च्युअलबॉक्स टाका. तो फुकट आहे, ७.० पासून त्यात खोटा टीपीएम आणि सिक्युअर बूट पण मिळतो त्यामुळे विंडोज ११ सरळ बसतं. इनसायडरच्या साइटवरून आयएसओ (विंडोज बसवायची अख्खी फाइल) उतरवायची, बसवायची, आणि काही करायच्या आधी स्नॅपशॉट, म्हणजे आहे त्या स्थितीची नोंद, घ्यायचा. बिघडलं तर स्नॅपशॉटवर परत, दोन मिनिटांत जैसे थे. एवढंच की स्लो चालतं, आणि ग्राफिक्स, स्पर्श, बॅटरी असली फीचर्स त्यात नीट कळत नाहीत. पहिल्यांदा करणाऱ्याने मी म्हणतो इथूनच सुरुवात करावी.

२. रिकव्हरी की कागदावर उतरवा (ही पायरी गाळणारे रडतात)

नव्या लॅपटॉपवर बरेचदा मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की डिस्क आपोआप एनक्रिप्ट, म्हणजे कुलूपबंद होते, आपल्याला पत्ताही नसतो. रोज काही फरक पडत नाही. पण बायोसमध्ये (विंडोजच्या आधी सुरू होणाऱ्या मशीनच्या मूळ सेटिंगमध्ये) काही हलवलं, सिक्युअर बूट चालू-बंद केलं, तर मशीन सुरू होताना निळ्या स्क्रीनवर ४८ अंकी की मागते. सहा-सहा अंकांचे आठ गट.

माझं हेच झालं. पेनड्राइव्हवरून बूट करायला मी बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं आणि रीस्टार्ट मारला, समोर की मागणारी स्क्रीन. म्हटलं माझ्या अकाउंटवर असेल. नाही. मग आठवलं की लॅपटॉप नवीन आणला तेव्हा भाच्याने सेटअप करून दिला होता, त्याच्या स्वतःच्या अकाउंटने. भाचा हैदराबादला, नाइट शिफ्ट. रात्री पावणेबाराला त्याचा फोन लागला, तो तिकडून अंक वाचतोय, मी इकडे दाबतोय, चौथ्या गटात चुकलो, परत पहिल्यापासून वाच म्हटलं तर म्हणतो मामा माझा ब्रेक संपला. दुसऱ्या दिवशी दोन पत्रिकांची प्रूफं द्यायची होती आणि त्यांच्या फाइली ह्याच डिस्कवर. चूक शंभर टक्के माझी.

तर तुम्ही काय करायचं: ब्राउझरमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंट उघडायचं, डिव्हाइसेसमध्ये जायचं, तिथे रिकव्हरी की दिसतात. एकापेक्षा जास्त असतील तर प्रत्येकीला की आयडी असतो, स्क्रीनवर दिसणाऱ्या आयडीची पहिली आठ अक्षरं जुळवून बघायची. की वहीत लिहा, आणि फोटो काढून फोनमध्येही ठेवा. त्याच लॅपटॉपच्या डेस्कटॉपवर सेव्ह करून ठेवणारे महाभाग मी पाहिलेत, कुलपाची किल्ली कपाटात ठेवून कपाट बंद करण्यातला प्रकार.

३. बॅकअप आणि परतीचा पेनड्राइव्ह

फाइली एक्स्टर्नलवर टाकल्या की एकदा दुसऱ्या मशीनवर उघडून बघा, नुसत्या कॉपी झाल्यात म्हणून समाधान मानू नका. मग मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून मीडिया क्रिएशन टूल घेऊन साधं, सगळ्यांना मिळणारं विंडोज ११ पेनड्राइव्हवर तयार करा. पेनड्राइव्हवरचं सगळं पुसलं जातं हं, त्यात पोरीच्या बारशाचे फोटो असतील तर आधी काढा. हा पेनड्राइव्ह आत्ता करायचा, मशीन बंद पडल्यावर नाही, कारण तेव्हा तो करायला दुसऱ्याचं मशीन शोधत फिरावं लागतं.

४. चॅनल निवडा

इथे लोक सगळ्यात जास्त घाई करतात. आधी ह्यांना रिंग म्हणायचे, २०२० मध्ये चॅनल केलं, २०२३ मध्ये कॅनरी नावाचं आणखी एक आलं. नावं आणि मांडणी कंपनी अधूनमधून बदलते, त्यामुळे तुमच्या स्क्रीनवर वेगळं दिसलं तर नावाखालचं वर्णन वाचा, अर्थ तोच असतो.

कॅनरी म्हणजे अगदी कच्चं पीठ. मोठे, खोलवरचे बदल, आणि काय बदललं त्याची माहितीही धड नसते. नवख्याने लांब राहावं.

डेव्हमध्ये प्रयोगाची फीचर्स येतात, त्यातली काही पुढे कधीच येत नाहीत. ह्याचं जुनं उदाहरण सांगतो. सेट्स म्हणून एक फीचर होतं, प्रत्येक विंडोला ब्राउझरसारखे टॅब. २०१८ मध्ये इनसायडरवाल्यांना मिळालं, लोकांना आवडलं, त्याच वर्षी काढून घेतलं आणि पुढे ते बारगळलंच. फाइल एक्सप्लोररला टॅब मिळायला २०२२ उजाडावं लागलं. म्हणून डेव्हमधल्या फीचरवर जीव लावायचा नाही.

बीटा बऱ्यापैकी सांभाळलेलं असतं, पुढच्या आवृत्तीत येण्याची शक्यता असलेलं. पहिल्यांदा करताय तर हेच घ्या. रिलीज प्रिव्ह्यू म्हणजे जवळजवळ तयार माल, सगळ्यांना मिळायच्या थोडं आधी, पण प्रयोग करायची मजा त्यात फारशी नाही.

आता सापळा बघा. वर चढणं सोपं, उतरणं अवघड. बीटावरून डेव्हला एका क्लिकमध्ये जाता येतं, पण डेव्ह किंवा कॅनरीच्या पुढच्या नंबरच्या बिल्डवरून खाली यायचं तर बहुतेक वेळा सगळं पुसून नव्याने विंडोज टाकावं लागतं. जुन्या बिल्डचा सेटअप वरून चालवून फाइली आणि ॲप जागेवर ठेवता येत नाहीत.

५. नाव नोंदवा आणि बिल्ड उतरवा

सेटिंग्जमध्ये प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, तिथे डायग्नॉस्टिक्स अँड फीडबॅक, आणि ऑप्शनल डायग्नॉस्टिक डेटा चालू करायचा. हे चालू नसेल तर पुढचं बटण दबतच नाही आणि माणूस अर्धा तास शोधत बसतो. अर्थ असा की तुमच्या मशीनच्या वापराची जादा माहिती कंपनीकडे जाणार. पटत नसेल तर इथेच थांबा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

मग सेटिंग्ज, विंडोज अपडेट, विंडोज इनसायडर प्रोग्राम, गेट स्टार्टेड. अकाउंट जोडा, चॅनल निवडा, रीस्टार्ट. परत अपडेट तपासा, बिल्ड उतरायला लागेल. चार्जर लावूनच करा. डेस्कटॉप असेल आणि तुमच्याकडे आमच्यासारखी दुपारी लाईट जात असेल तर यूपीएसशिवाय नको, अपडेट मधेच तुटलं तर नसती आफत.

झालं की विंडोज बटण आणि आर दाबून विनव्हर टाइप करा. बिल्ड नंबर दिसेल, आणि बिल्डला मुदत असेल तर ती संपायची तारीखही. दोन्ही वहीत लिहा. कच्च्या बिल्डला बऱ्याचदा एक्स्पायरी असते, अपडेट न करता मशीन सहा-आठ महिने कपाटात टाकलं तर मुदत उलटून जाते.

आणि हो, ह्या बिल्डवर मशीन क्रॅश झालं तर स्क्रीन नेहमीची निळी किंवा काळी नाही, हिरवी येते. पहिल्यांदा हिरवी दिसल्यावर मला वाटलं पॅनल गेला. ती मुद्दामच हिरवी ठेवलेली आहे, इनसायडर बिल्डचा क्रॅश आहे हे बघताक्षणी कळावं म्हणून.

६. झाकलेली फीचर्स उघडणं

आधी सरळ मार्ग. विंडोज अपडेटच्या पानावर एक स्विच असतो, अपडेट्स उपलब्ध होतील तसे लगेच मिळवा अशा अर्थाचा. तो चालू केला की हळूहळू वाटली जाणारी फीचर्स तुम्हाला लवकर मिळायची शक्यता वाढते. हे अधिकृत आहे. एक-दोन आठवडे ह्याच्यावर काढा.

धीर नसेल तर विव्हटूल. हे गिटहबवर मिळणारं फुकटचं छोटं टूल, कंपनीचं नाही, जबाबदारी आपली. २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं आतलं टूल, स्टेजिंगटूल, चुकून लोकांसमोर आलं होतं तेव्हा कळलं की आतले लोकही साधारण हेच करतात, आयडी टाकून चालू-बंद.

क्रम असा:

गिटहबवरच्या मूळ पानावरूनच झिप घ्या. टेलिग्रामवर फिरणारे एका क्लिकमध्ये सगळं चालू वाले प्रोग्राम घेऊ नका, आणि आधी अँटिव्हायरस बंद करा असं कुठल्या व्हिडिओत सांगितलं तर तो व्हिडिओ बंद करा. झिप प्रोसेसरप्रमाणे दोन प्रकारच्या असतात, इंटेल-एएमडीवाल्यांची वेगळी आणि स्नॅपड्रॅगनवाल्यांची वेगळी. सी ड्राइव्हवर विव्ह नावाचा फोल्डर करून त्यात सोडवा.

टर्मिनल, म्हणजे कमांड टाइप करायची विंडो, ॲडमिन म्हणून उघडा आणि त्या फोल्डरमध्ये जा. इथे नव्वद टक्के लोक अडकतात: विंडोज ११ चं टर्मिनल सहसा पॉवरशेलमध्ये उघडतं, आणि पॉवरशेलमध्ये नुसतं विव्हटूल टाइप केलं तर असली कमांडच नाही म्हणून लाल अक्षरात ओरडतं. नावाच्या आधी डॉट आणि बॅकस्लॅश द्यावा लागतो. नाहीतर साधा कमांड प्रॉम्प्ट उघडा, तिथे ही कटकट नाही.

आता कमांड, टाइप अर्थातच इंग्रजीत करायची, मी वाचून दाखवतोय: विव्हटूल, स्पेस, स्लॅश एनेबल, स्पेस, स्लॅश आयडी, कोलन, आणि लगेच आयडीचा नंबर, मधे जागा न सोडता. एंटर. यशस्वी झाल्याचा मेसेज आला की रीस्टार्ट. बंद करायचं तर एनेबलच्या जागी डिसेबल, आणि मुळात कंपनीने ठेवलं होतं तसं करायचं तर रीसेट. डिसेबल आणि रीसेट एक नव्हे. डिसेबल केलेलं फीचर उद्या कंपनीने सगळ्यांना दिलं तरी तुमच्याकडे बंदच राहू शकतं, म्हणून प्रयोग संपला की रीसेटच मारा.

सक्सेसफुल म्हणाला तरी फीचर दिसेलच असं नाही. आयडी विशिष्ट बिल्डचा असतो, तुमच्या बिल्डमध्ये ते फीचर नसेल तरी टूल बिचारं हो म्हणून मोकळं होतं. कधी एका फीचरला दोन-तीन आयडी लागतात. कधी हार्डवेअरच लागतं, उदाहरणार्थ रिकॉल (स्क्रीनवर आधी काय बघितलं ते शोधून देणारं फीचर) फक्त कोपायलट प्लस पीसीवर चालतं, ज्यात एआयच्या कामाची वेगळी चिप, म्हणजे एनपीयू, असते, तीही ४० टॉप्सच्या (तिच्या वेगाचं माप) वरची, माझ्या जुन्या आय थ्री प्रोसेसरवर कितीही आयडी ठोका, ते येणार नाही. म्हणून आयडी कुठे वाचला तर सोबत बिल्ड नंबर दिलाय का बघा, नसेल तर सोडून द्या.

आणि एका वेळी एकच आयडी. मी एकदा उत्साहात दोन आयडी एकत्र चालू केले, लॉगिन केलं तर टास्कबार गायब, आयकॉन गायब, नुसता वॉलपेपर आणि माउसचा बाण. दोन्हीपैकी कुणामुळे ते आजपर्यंत कळलं नाही. असं झालं तर घाबरू नका, कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजर उघडतो, तिथे रन न्यू टास्क, त्यात सीएमडी टाइप करून ॲडमिन हक्काच्या चौकोनात टिक करा. काळी विंडो आली की विव्हच्या फोल्डरमध्ये जाऊन रीसेट मारा, रीस्टार्ट. कुठला आयडी टाकला होता तेच आठवत नसेल तर फुलरीसेट आहे, सगळे बदल एकदम जातात. पण वही असेल तर ही वेळ येत नाही. माझ्या वहीत चारच रकाने आहेत: तारीख, बिल्ड, आयडी, काय झालं. शेवटच्या रकान्यात बहुतेक ठिकाणी लिहिलंय "काहीच नाही".

७. फीडबॅक द्या, पण कामाचा

विंडोज बटण आणि एफ दाबलं की फीडबॅक हब उघडतं. आधी तुमची तक्रार कुणी लिहिली आहे का शोधा, असेल तर तिला मत द्या. नसेल तर एका तक्रारीत एकच गोष्ट लिहा, आणि काय केल्यावर बिघडतं ते क्रमाने. "मराठी टायपिंग खराब आहे" लिहून कुणाला काही कळणार नाही. "फोनेटिक कीबोर्डवर अमुक जोडाक्षर टाइप केलं, नवीन सर्च बॉक्समध्ये ते तुटून दिसतं, नोटपॅडमध्ये नीट दिसतं" असं लिहा, स्क्रीनशॉट जोडा. विव्हटूलने उघडलेलं फीचर असेल तर तेही प्रामाणिकपणे सांगा.

नुसत्या मतांवर सोडून चालत नाही हे २०१८ मध्ये दिसलं. ऑक्टोबरच्या अपडेटमध्ये काही लोकांच्या फाइली उडाल्या, अपडेट चार दिवसांत थांबवावं लागलं, आणि मग कळलं की इनसायडरमधल्या काही जणांनी ते आधीच कळवलेलं होतं पण मतं कमी म्हणून मागे पडलं. त्यानंतर तक्रार किती गंभीर आहे ते सांगायची सोय आली. डेटा जात असेल तर तिथे सगळ्यात गंभीर निवडा, संकोच करू नका.

८. बाहेर पडणं

नवीन बिल्ड पूर्ण नव्याने बसली असेल तर दहा दिवस गो बॅकचा पर्याय मिळतो, सेटिंग्ज, सिस्टिम, रिकव्हरीमध्ये. तेवढ्या दिवसांत डिस्क क्लीनअप करून जुनं विंडोज उडवू नका, जागा मिळते पण परतीचा दोर कापला जातो. साधं महिन्याचं अपडेट असेल तर अपडेट हिस्टरीतून अनइन्स्टॉल होतं.

बीटा किंवा रिलीज प्रिव्ह्यूवर असाल आणि घाई नसेल तर इनसायडरच्या पानावर, पुढची आवृत्ती आली की हे मशीन बाहेर काढा, असा स्विच असतो. तो चालू करून विसरून जा, काही पुसलं जात नाही. बाहेर पडायचा सगळ्यात सुखाचा मार्ग हाच.

बाकी सगळ्यांना पायरी ३ चा पेनड्राइव्ह. आधी सगळे आयडी रीसेट करून काही उपयोग नाही, सगळं पुसलंच जाणार आहे. विंडोजचं लायसन्स मशीनला जोडलेलं असेल तर नेट लावल्यावर आपोआप ॲक्टिव्हेट होतं, की विकत घ्यायला धावू नका. डोंगलवाली सॉफ्टवेअर मात्र स्वतः परत बसवावी लागतात, त्यांची सीडी किंवा सेटअप कुठे आहे ते आधी शोधा. माझी सीडी सापडली ती गणपतीच्या डेकोरेशनच्या खोक्यात, आणि लॅपटॉपला सीडी ड्राइव्हच नव्हता.